अमेरिकेत बसून लोणारचा दाखला देणारा शास्त्रज्ञ. त्याने आकाशातून पडलेला दगड शोधला, पण दगडाची तर धूळ झाली होती!

लोणार म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? खाऱ्या पाण्याचं गोल तळं, काठावरचं कमळजा देवीचं देऊळ, गावातलं दैत्यसूदन मंदिर, आणि २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा फिरलेले फोटो. शाळेत आपण एका ओळीत शिकलोय की हे तळं उल्कापातामुळे तयार झालं.

पण मंडळी, ही एक ओळ पुस्तकात यायला जवळपास दीडशे वर्षं लागली. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी लोणारला येऊन गेला. त्यानंतर जे भूगर्भशास्त्रज्ञ आले, त्यातले बहुतेक एकच सांगायचे: हा ज्वालामुखीचा प्रताप. त्यांचं म्हणणं वेडेपणाचं नव्हतं. आजूबाजूला शेकडो किलोमीटर लाव्ह्याचाच काळा पाषाण पसरलाय. मग खड्डाही लाव्ह्याचाच असणार, हा सरळ हिशोब.

या सगळ्या गोष्टीत एक माणूस असा आहे, ज्याचं नाव लोणारला फारसं कुणी घेत नाही. पृथ्वीवरचा खड्डा आकाशातून पडलेल्या वस्तूने झाला की नाही, हे मोजमाप करून तपासण्याची पद्धत त्याने घालून दिली. स्वतःच्याच पद्धतीने तो चुकीच्या उत्तरावर पोचला. आणि त्या चुकीच्या उत्तराच्या बाजूने त्याने दाखला दिला तो आपल्या लोणारचा.

त्याचं नाव ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट.

मास्तरकी जमली नाही, हाडं उपसायला गेला

गिल्बर्टचा जन्म ६ मे १८४३ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहरातला. वडील चित्रकार, लोकांची व्यक्तिचित्रं काढून घर चालवायचे. पैशांची कायम ओढाताण. तब्येतीने नाजूक असलेलं हे पोरगं अभ्यासात मात्र हुशार निघालं. १८६२ मध्ये त्याने रोचेस्टर विद्यापीठाची पदवी घेतली. त्यात ग्रीक आणि गणित भरपूर, भूगर्भशास्त्र मात्र चवीपुरतं.

पदवीनंतर मिशिगनमधल्या जॅक्सन गावात शाळामास्तर म्हणून लागला. पोरांना आवरणं काही जमलं नाही, वर्ष पुरं व्हायच्या आत नोकरी सोडली. मग रोचेस्टरला परत येऊन एका अशा ठिकाणी लागला, जिथे कॉलेजांना आणि संग्रहालयांना दगड, जीवाश्म, हाडं पुरवली जायची.

तिथे असताना १८६६ मध्ये मॅस्टोडॉनचा, म्हणजे हत्तीच्या एका नामशेष भाऊबंदाचा, सांगाडा उकरायच्या कामावर त्याला पाठवलं. जागा होती कोहोज गावाजवळ, एका धबधब्यापाशी. बाकीचे हाडांकडे बघत होते, हा भिडू कड्याकडे बघत बसला. कड्यावरच्या झाडांच्या वयावरून कडा किती वेगाने झिजतोय याचा त्याने अंदाज बांधला.

नुसतं बघायचं नाही, मोजायचं. गिल्बर्टचं सगळं आयुष्य या सवयीत आलं.

रॉकी पर्वतापलीकडे

१८७१ पासून तो अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या सरकारी सर्वेक्षणांवर गेला. रस्ते नाहीत, नकाशे नाहीत, खेचरं आणि होड्या एवढीच साधनं. पुढे जॉन वेस्ली पॉवेलच्या तुकडीत तो आला आणि दोघांची आयुष्यभराची मैत्री जमली. युटातल्या हेन्री पर्वतांवरचा त्याचा १८७७ चा अहवाल आजही भूगर्भशास्त्राच्या अभ्यासात मानाने घेतला जातो. खालून वर चढणारा शिलारस जमीन फोडून बाहेर न येता थरांना घुमटासारखं फुगवू शकतो, हे त्याने त्यात दाखवलं.

१८७९ मध्ये अमेरिकेचं भूवैज्ञानिक सर्वेक्षण खातं सुरू झालं, तेव्हापासून गिल्बर्ट तिथे होता. युटातल्या बॉनव्हिल नावाच्या आटून गेलेल्या प्रचंड सरोवराचे जुने काठ त्याने शोधून काढले. पाण्याचं ओझं गेल्यावर खालची जमीन वर उचलली गेली, हे त्या काठांची उंची मोजून सांगितलं. सरोवराचं हे बॉनव्हिल नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

घरात मात्र सुख बेताचंच होतं. १८८३ मध्ये त्याची लहान मुलगी घटसर्पाने गेली. त्यानंतर बायकोची तब्येतही कायमची ढासळली. तरी काम थांबलं नाही आणि १८८९ मध्ये तो खात्याचा प्रमुख भूगर्भशास्त्रज्ञ झाला.

१८९१: खड्डा, लोखंड आणि एक भन्नाट शंका

१८९१ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनला शास्त्रज्ञांची सभा भरली होती. तिथे खनिजांचा व्यापार करणाऱ्या फूट नावाच्या गृहस्थाने ॲरिझोनातल्या एका टेकाडाची माहिती दिली. टेकाडाचं नाव कून ब्युट. वर चढून बघावं तर मध्ये भलामोठा गोल खड्डा, सुमारे १.२ किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल. आजूबाजूला पडलेले लोखंडाचे तुकडे, तेही आकाशातून पडलेल्या लोखंडाचे, म्हणजे अशनीचे.

आजच्या पोरालाही विचारलं तर तो सांगेल की उल्का पडली, खड्डा झाला. पण १८९१ मध्ये पृथ्वीवरचा एकही मोठा खड्डा उल्कापाताने झाला असं सिद्ध झालेलं नव्हतं. ही कल्पनाच पोरखेळ वाटायची.

गिल्बर्टला मात्र ती पोरखेळ वाटली नाही. त्याने आधी एका सहकाऱ्याला पाठवलं, त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही, म्हणून वर्षअखेरीस स्वतः गेला आणि सुमारे दोन आठवडे तिथे मुक्काम ठोकला.

त्याच्यापुढे दोन शक्यता होत्या. एक, आकाशातून मोठी वस्तू आदळून जमिनीत गडप झाली. दोन, जमिनीखालचं पाणी शिलारसाने तापलं, वाफ झाली आणि स्फोट झाला. कोणती खरी, हे ठरवायला त्याने दोन कसोट्या लावल्या.

पहिली कसोटी होती भरतीची. खड्ड्यातून उडालेली माती आणि दगड काठावर साचले. काठावरचा हा सगळा माल परत खड्ड्यात भरला तर काय होईल? आत एखादी अवाढव्य वस्तू गाडलेली असेल तर तिने जागा अडवलेली असणार, म्हणजे माल उरला पाहिजे. वाफेचा स्फोट असेल तर खड्डा बरोबर भरला पाहिजे.

दुसरी कसोटी होकायंत्राची. एवढं मोठं लोखंड खाली असेल तर सुई हलली पाहिजे.

लोणारच्या माणसाला पहिली कसोटी ओळखीची वाटेल. लोणासुराच्या कथेत विष्णू दैत्याच्या विवरावरचं झाकण उडवून देतो, ते दूर जाऊन पडतं आणि तिथे टेकडी होते. झाकण आणि विवर यांची जोडी लावायचा विचार आपल्याकडे कथेतून आला, तोच गिल्बर्टने मोजपट्टी घेऊन केला.

निकाल काय आला? काठावरचा माल आणि खड्ड्याची पोकळी, दोन्ही जवळपास सारखी, सुमारे सहा कोटी घनमीटर. होकायंत्राची सुई जागची हलली नाही. गिल्बर्टने निकाल दिला: वाफेचा स्फोट. मग एवढं लोखंड तिथेच कसं? तर योगायोग.

दिवसा जमीन, रात्री चंद्र

यात गंमत अशी आहे की उल्कापाताने खड्डे होतात हे गिल्बर्टला पटलेलं होतं. फक्त पृथ्वीवरचे नाहीत, चंद्रावरचे.

१८९२ मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेच्या दुर्बिणीतून त्याने १८ रात्री चंद्र पाहिला. खात्याच्या खर्चावर टीका चालू होती, तेव्हा अमेरिकी काँग्रेसच्या एका सदस्याने टोमणा मारला की या खात्याच्या एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला रात्रभर चंद्राकडे बघत बसण्यापलीकडे काम उरलेलं नाही.

१८९३ मध्ये त्याचा निबंध आला. चंद्रावरची विवरं ज्वालामुखीची नाहीत, ती आघाताने झालीत, असं त्याने त्या काळी बहुतेकांच्या मताविरुद्ध मांडलं. एक अडचण मात्र त्याला सतावत होती. तिरकी वस्तू आदळली तर खूण लांबट उमटायला हवी, आणि चंद्रावरची विवरं तर गोल आहेत. मग त्याने कल्पना मांडली की चंद्रावर आदळलेल्या वस्तू पृथ्वीभोवती कडं करून फिरत होत्या, म्हणून त्या बऱ्याचशा सरळ पडल्या.

ही कल्पना टिकली नाही, आघाताचा मुख्य मुद्दा मात्र टिकला.

आणि मग लोणार

१८९६ मध्ये त्याने कून ब्युटची सगळी हकीगत एका निबंधात छापली. निबंध खड्ड्यापेक्षा विचार करण्याच्या पद्धतीवर जास्त होता. कल्पना कुठून येतात, एकाच वेळी अनेक कल्पना कशा तपासाव्यात आणि नावडता निकाल आला तरी तो कसा मान्य करावा, असे त्याचे विषय होते.

त्यात वाफेच्या स्फोटाच्या बाजूने बोलताना त्याने दुसरीकडच्या तशाच खड्ड्यांची उदाहरणं दिली. त्यातलं एक होतं भारतातल्या दख्खनच्या काळ्या पाषाणातलं, सपाट जमिनीत अचानक खोल गेलेलं, काठ किंचित उचललेलं लोणार. दोन्ही खड्डे एकाच जातीचे आहेत हे त्याने अचूक ओळखलं. जात कोणती, ते मात्र चुकलं.

निबंधातच त्याने स्वतःच्या निकालाविरुद्धचा मुद्दाही नोंदवला. त्याच्या ओळखीच्या हॉवेल नावाच्या माणसाने सुचवलं होतं की पडलेली वस्तू सगळी लोखंडाची नसेलच. ती मुख्यतः दगडाची असेल आणि शिऱ्यात बेदाणे असावेत तसे लोखंडाचे तुकडे तिच्यात असतील. तसं असेल तर होकायंत्राची कसोटी कोलमडते. हे दडपून टाकणं सोपं होतं, गिल्बर्टने ते छापलं.

नेमकं चुकलं कुठे?

चुकलं ते वेगात. आकाशातून येणारी वस्तू सेकंदाला १०, १५, २० किलोमीटर वेगाने येते. सेकंदाला फक्त ३ किलोमीटर वेग असला, तरी तिच्या प्रत्येक किलोत एक किलो टीएनटी स्फोटकाएवढी ऊर्जा असते. १५ किलोमीटरला ती २५ पट होते. म्हणजे दगड चिखलात गोटी रुतावी तसा रुतत नाही, तो स्फोट होतो. दगडाचा बराचसा भाग वितळतो किंवा त्याची वाफ होते.

हे कळलं की गिल्बर्टची सगळी कोडी एकदम सुटतात. वस्तू खड्ड्याच्या मानाने चिमुकली असते, ॲरिझोनातली सुमारे ५० मीटरची मानली जाते. म्हणून काठावरचा माल खड्ड्यात बरोबर बसतो. खाली मोठं लोखंड उरतच नाही, म्हणून सुई हलत नाही. आणि स्फोट सगळीकडे सारखा पसरतो, म्हणून तिरक्या माऱ्यानेही खड्डा गोल होतो. त्याच्या दोन्ही कसोट्यांचे आकडे बरोबर होते, त्यांचा अर्थ वेगळा होता.

पुढे बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने १९०३ पासून हाच खड्डा लोखंडासाठी खणला. त्याने गिल्बर्टवर जाहीर टीका केली, गिल्बर्टने वाद घातला नाही. जवळपास २७ वर्षं आणि अमाप पैसा ओतूनही मोठा गोळा सापडला नाही. १९२९ मध्ये मोल्टन या खगोलशास्त्रज्ञाने गणित मांडून सांगितलं की वस्तू आदळतानाच संपली असणार. १९४० च्या दशकात निनिंजर यांनी खड्ड्याभोवतीच्या मातीत चुंबक फिरवला आणि धातूच्या बारीक गोळ्या गोळा केल्या. गिल्बर्टने ज्याला डोंगराएवढं समजून शोधलं, त्याचा मोठा हिस्सा कणाकणाने मातीत विखुरला होता. १९६० मध्ये तिथे प्रचंड दाबाशिवाय तयार न होणारं कोएसाइट खनिज सापडलं आणि वाद मिटला.

हे बघायला गिल्बर्ट नव्हता. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपाचा अभ्यास, अलास्कातल्या हिमनद्या, नद्यांतला गाळ असं काम करत करत १ मे १९१८ रोजी तो जॅक्सनमध्ये वारला, तिथेच जिथे मास्तरकी फसली होती. ७५ वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस कमी होते.

लोणारच्या काचेच्या मण्यांनी दिलेला निकाल

१९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय शास्त्रज्ञांचा लोणारवरचा निबंध प्रसिद्ध झाला. तळ्याच्या तळाला भोकं पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट मिळालं, म्हणजे धक्क्याने काचेसारखं झालेलं फेल्डस्पार खनिज. ज्वालामुखी असा धक्का देत नाही. काठावर चर खणले तेव्हा वितळलेल्या खडकाचे गोळे आणि बारीक मणी निघाले. आणि हे मणी कुणासारखे दिसत होते? अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या मण्यांसारखे.

गिल्बर्टने चंद्राच्या बाबतीत आघात म्हटलं होतं आणि लोणारच्या बाबतीत वाफ. दोन्हींचं नातं ऐंशी वर्षांनी लोणारच्याच मातीतून निघालं.

मग लोणारवर पडलं काय होतं? दगड तर मिळालेला नाही. मात्र एक मिलिमीटरहून लहान मण्यांत दख्खनच्या पाषाणात असतं त्याहून जास्त निकेल, कोबाल्ट आणि क्रोमियम सापडलं. हा पाहुण्याने मागे ठेवलेला अंश. २०१९ च्या एका अभ्यासात क्रोमियमच्या समस्थानिकांचं प्रमाण मोजलं गेलं. ते जुळलं कार्बनयुक्त कॉन्ड्राइट नावाच्या काळ्या, प्राचीन अशनींशी.

इथे धूमकेतूचा विषय येतो. उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात, हे १८६६ मध्ये शियापारेली यांनी दाखवलं होतं. त्यानंतर चॅलेंजर जहाजाच्या मोहिमेत जॉन मरे यांना खोल समुद्राच्या गाळात आकाशातून आलेल्या बारीक गोळ्या मिळाल्या. आज हीच धूळ अंटार्क्टिकाच्या बर्फातून गाळून काढतात आणि विमानं उंच हवेतून गोळा करतात. २०२१ च्या एका अभ्यासानुसार वर्षाला सुमारे ५२०० टन असे सूक्ष्म कण जमिनीवर पोचतात. म्हणजे रोज साधारण १४ टन, एक मोठा ट्रक भरून. त्यातली बहुतांश धूळ धूमकेतूंची असावी, असं गणित सांगतं.

पण धूळ धूमकेतूचीच कशावरून? ताडून बघायला खरीखुरी धूमकेतूची धूळ हवी. ती स्टारडस्ट यानाने आणली. २ जानेवारी २००४ ला ते वाइल्ड-२ धूमकेतूजवळून गेलं, एरोजेल नावाच्या हलक्या पदार्थात कण पकडले आणि जानेवारी २००६ मध्ये त्याची कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. गिल्बर्टने उभ्या हयातीतली वर्षं ज्याच्यावर घालवली, त्या बॉनव्हिल सरोवराचा हा कोरडा तळ!

त्या धुळीने धक्का दिला. धूमकेतू म्हणजे सूर्यापासून दूर थंडीत गोठलेला बर्फ आणि धूळ, असं मानलं जायचं. पण काही कण हजार अंशांहून जास्त तापमानात, सूर्याजवळ तयार झालेले निघाले, जसे अशनींमध्ये असतात तसे. म्हणजे धूमकेतू आणि लघुग्रह यांच्यातली भिंत वाटली तेवढी पक्की नाही. अंटार्क्टिकात मिळणारे बरेच कणही कार्बनयुक्त कॉन्ड्राइटच्याच घराण्यातले दिसतात. त्यामुळे लोणारचा पाहुणा धूमकेतू होता असं म्हणता येत नाही, पुरावे लघुग्रहाकडे बोट दाखवतात. पण रोज आपल्या छपरांवर पडणाऱ्या आकाशातल्या धुळीचा तो लांबचा नातेवाईक आहे, एवढं नक्की.

एक काम आपल्याकडचं

लोणारला चुंबक फिरवून चिकटलेली काळी वाळू दाखवणारे व्हिडिओ बघितले, तर एक लक्षात ठेवा. दख्खनच्या पाषाणातच मॅग्नेटाइट हे चुंबकाला चिकटणारं खनिज भरपूर आहे. त्यामुळे ती वाळू बहुतेक वेळा साधी आपल्या काळ्या दगडाची असते. पाहुण्याची खूण पटवायला निकेल आणि क्रोमियमचं मोजमापच लागतं.

खरा पुरावा विवराच्या काठावर आणि काठाबाहेरच्या मातीत आहे. विवराचं वयदेखील अजून वादात आहे. एक पद्धत सुमारे ५० हजार वर्षं सांगते, तर २०११ मध्ये आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार आलं. हे भांडण मिटवणारे मणीही त्याच मातीत असतील. काठ उकरला, तिथला मुरूम रस्त्याला गेला, आठवण म्हणून काचेचे तुकडे खिशात गेले, की तेवढा पुरावा कमी होतो.

गिल्बर्टने आपले आकडे, शंका आणि विरोधातला मुद्दा सगळं छापून ठेवलं, म्हणून पुढच्यांना तो नेमका कुठे चुकला ते शोधता आलं. लोणारनेही आपला हिशोब असाच जपून ठेवलाय, मिलिमीटरहून लहान मण्यांमध्ये. तो अजून पूर्ण वाचून झालेला नाही.